स्पोर्ट्स कारला जाड अँटी-रोल बार: दोन्ही एकदम बसवावेत का, आणि कोणत्या भोकात?

वळणप्रेमी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले सस्पेन्शनचे धागे नुसते वाचतोय, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आलोय.

गाडी पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीटची, वजन हजार किलोच्या आसपास. स्प्रिंगा आणि शॉक अब्सॉर्बर मूळचेच. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक मोकळं फिरून ताकद वाया जाऊ न देणारा) आहे. टायर चांगले आहेत. रोजच्या वापरात आहे आणि संधी मिळाली की ट्रॅकवर नेतो.

तक्रारी दोन. लांब वळणाच्या मध्यावर पोचलो की नाक बाहेर सरकायला लागतं. स्टिअरिंग आणखी फिरवून काही होत नाही, ॲक्सिलरेटर सोडावाच लागतो. दुसरं म्हणजे डावं-उजवं अशी लागोपाठ वळणं आली की गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर यायला वेळ घेते आणि तोवर पुढचं वळण येऊन ठेपतं.

म्हणून जाड अँटी-रोल बारचा (वळणात गाडीचं कलणं रोखणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई) जोड घेतलाय. पुढचा मूळ २२ मिमी, नवा २५. मागचा मूळ १४ मिमी, नवा १६. सगळे भरीव. टोकांना कडकपणा बदलण्यासाठी भोकं आहेत, पुढच्याला दोन, मागच्याला तीन. सोबत पॉलियुरेथेनचे बुश, ग्रीसची पुडी आणि बारची टोकं चाकांकडे जोडणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे एंड लिंक आहेत. सूचना म्हणून फक्त एक आकृती दिली आहे.

दोन्ही बार एकाच वेळी बसवू का? कोणत्या भोकापासून सुरुवात करू? आणि जॅक स्टँडवर गाडी ठेवून हे काम घरी नीट होईल का?

तिसरा_गिअर

अरे वळणप्रेमी, बारला हात लावण्याआधी हे सांग: वळणाच्या मध्यावर नाक जातं तेव्हा तुझा पाय कुठे असतो? ब्रेक सोडून थेट ॲक्सिलरेटरवर जात असशील तर पुढच्या चाकांवरचा भार तूच काढून घेतोस आणि मग ती सरकतात. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरून बघ.

टायरमधली हवा गरम झाल्यावर मोजतोस का? पुढची हवा जास्त झाली तरी नेमकं हेच लक्षण दिसतं. अलाइनमेंट शेवटचं कधी केलंस? पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) किती मिळतो? कॅम्बर कमी असेल तर बाहेरच्या टायरची बाहेरची कड आधी झिजते. एकदा टायरवर हात फिरवून बघ.

वळणप्रेमी

@तिसरा_गिअर, हवा गरम टायरवरच मोजतो, पुढे-मागे सारखी ठेवतो. अलाइनमेंट यंदाच केलंय, मूळच्या बोल्टांनी जेवढा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो तेवढा घेतलाय. टायरची झीज बऱ्यापैकी सपाट आहे. ब्रेकचं म्हणणं पटलं. शिरताना खरं तर गाडी चांगली वळते, नाक जातं ते पाय स्थिर ठेवलेला असताना, लांब वळणात.

आकडेमोड

स्थिर पायावर, लांब वळणात, मध्यावर. तुमचं वर्णन नेमकं आहे आणि त्यामुळे उत्तर सोपं होतं. शिरताना तक्रार असती तर आधी ब्रेकिंग आणि शॉक अब्सॉर्बर पाहिले असते, बाहेर पडताना असती तर ॲक्सिलरेटर आणि डिफरन्शिअल. वळणाच्या स्थिर भागात मात्र स्प्रिंगा आणि बार यांचंच राज्य असतं.

आता थोडं सविस्तर, कारण या विषयावर सगळीकडे "जाड बार म्हणजे जास्त पकड" असं लिहिलेलं दिसतं आणि ते मला पटत नाही.

अँटी-रोल बार ही पिळली जाणारी स्प्रिंग आहे. मधला भाग दोन बुशांमध्ये फिरतो, दोन्ही टोकांचे आर्म लिंकमार्फत डाव्या-उजव्या चाकांना जोडलेले असतात. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर बार बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं की पिळला जातो आणि विरोध करतो. म्हणून ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं त्याच्याशी बारचा संबंध नाही.

वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार हे बार ठरवत नाही. ते वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य ०.४६ मीटरवर, चाकांमधलं अंतर १.५ मीटर, जोर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट). गुणाकार-भागाकार केला की २७६ किलो येतात. बार कितीही जाड लावा, हे २७६ किलो सरकणारच. बारच्या हातात एवढंच आहे की त्यातले किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या.

टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीत डाव्या-उजव्या चाकांवरच्या भारात फरक जास्त, त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढचा बार कडक केला की पुढची जोडी जास्त फरक सोसते आणि नाक बाहेर जातं. मागचा कडक केला की मागचा भाग आधी सुटायला लागतो. यातून एक गोष्ट निघते: बार कडक करून त्या टोकाची पकड सहसा घटते, आणि दुसऱ्या टोकाला तिचा फायदा मिळतो.

आता तुमचे आकडे. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर असतो. २२ चा २५ केला की (२५/२२) चा चौथा घात, म्हणजे १.६७. पुढचा बार ६७ टक्के जास्त कडक. मागे १४ चा १६, म्हणजे १.७१. ७१ टक्के. दोन्ही वाढी जवळपास सारख्या, म्हणून तोल होता तिथेच राहील असं वाटेल. पण कलण्याला विरोध बार एकटा करत नाही, स्प्रिंगाही करतात. समजा पुढच्या टोकाच्या एकूण विरोधात स्प्रिंगांचे ६० आणि बारचे ४० भाग आहेत. मागच्या टोकाला स्प्रिंगांचे ८० आणि बारचे २०. मागचा मूळ बार सडपातळ असलेल्या गाड्यांत वाटा साधारण असा असायला हरकत नाही. नवा जोड बसवल्यावर पुढे ६० अधिक ६७, म्हणजे १२७. मागे ८० अधिक ३४, म्हणजे ११४. पुढच्या टोकाचा कडकपणा मागच्यापेक्षा बराच जास्त वाढला! तुमची तक्रार नाक बाहेर जाण्याची, आणि दोन्ही बार एकदम बसवले तर ती वाढू शकते.

म्हणून माझं मत: आधी फक्त मागचा बसवा, सर्वात मऊ भोकात. गाडी चालवा. मग ठरवा.

शांत_क्लच

आकडेमोड, सगळं पटलं, एक शंका आहे. माझ्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरचा आर्म नसलेलं, शॉकनेच चाक धरणारं सस्पेन्शन) आहेत. पुढचा बार जाड केल्यावर माझं नाक जाणं कमी झालं, वाढलं नाही. ट्रॅकच्या वेळांतही फरक दिसला. वर लिहिलेल्या हिशोबाच्या हे उलट आहे ना?

आकडेमोड

@शांत_क्लच, चांगला मुद्दा काढलात. म्हणूनच वर "सहसा" लिहिलं होतं.

स्ट्रटच्या गाडीत गाडी कलली की बाहेरच्या पुढच्या चाकाचा कॅम्बर रस्त्याच्या हिशोबात बिघडत जातो, चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं. जाड बारने कलणं कमी केलं की टायरचा तळ रस्त्यावर सपाट राहतो. भाराच्या वाटपात जेवढी पकड गेली त्यापेक्षा जास्त कॅम्बरमधून परत आली, तर निकाल तुम्ही सांगता तसा येतो. मूळ स्प्रिंगा मऊ आणि कॅम्बर कमी, अशा गाडीत हे विशेष दिसतं. वळणप्रेमींच्या गाडीत पुढे स्ट्रट आहेत की दोन विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आर्म), ते त्यांनीच सांगावं.

वळणप्रेमी

पुढे दोन विशबोन, मागे मल्टिलिंक.

आकडेमोड

मग कॅम्बर राखायला बारची फारशी गरज नाही, सस्पेन्शनची भूमितीच ते काम करते. माझं मत कायम: मागचा आधी.

कंपन्या पुढचं टोक मुद्दाम कडक का ठेवतात, हेही बोलून घेऊ. नाक गेलं की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. मागचा भाग सुटला की तीच प्रतिक्रिया गाडी फिरवून टाकते. शेवरोले कॉर्वेअर १९६० मध्ये आली तेव्हा इंजिन मागे, मागे स्विंग ॲक्सल (चाक वर-खाली होताना त्याचा कोन बराच बदलतो असा) आणि पुढे अँटी-रोल बारच नव्हता. त्या मागच्या सस्पेन्शनवरून पुढे मोठा वाद झाला. १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार सर्रास दिला गेला आणि मागे आडवी पट्टा-स्प्रिंग आली. पुढच्या टोकाची एक सळई गाडीचा स्वभाव किती बदलते ते यात दिसतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड. दुसऱ्या पिढीत गाडी तीच, पण बीआरझेडला पुढे १८.३ मिमीचा पोकळ आणि मागे १४ मिमीचा बार, तर जीआर८६ ला पुढे १८ मिमीचा भरीव आणि मागे १५ मिमीचा. मागच्या एका मिलिमीटरने बारचा कडकपणा जवळपास ३२ टक्के वाढतो. स्प्रिंगाही वेगळ्या आहेत, त्यामुळे सगळं श्रेय बारला देता येणार नाही, पण दोन्ही चालवलेले लोक जीआर८६ ची शेपटी जास्त चपळ असल्याचं सांगतात.

तिसरा_गिअर

पोकळ बारचं विचारणार होतो. पोकळ म्हणजे कमजोर, असं ऐकत आलोय.

आकडेमोड

पिळाला विरोध मुख्यतः बाहेरचा थर करतो, गाभा फारसं काही करत नाही. २५ मिमीचा बार घ्या, ४ मिमी जाडीच्या नळीचा, म्हणजे आत १७ मिमी पोकळी. कडकपणा भरीवपेक्षा साधारण २१ टक्के कमी, वजन मात्र ४६ टक्के कमी. म्हणून तुलना करताना नुसता बाहेरचा व्यास पाहू नका. २५ चा पोकळ आणि २५ चा भरीव हे दोन वेगळे बार आहेत.

ऑइलचे_हात

वरची चर्चा उत्तम झाली आहे, मी हाताच्या कामाकडे वळतो. घरी नक्की होतं. घाई नको आणि गाडी फक्त जॅकवर असताना पोटाखाली जायचं नाही, ही पहिली अट. जॅक स्टँड गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच, जमीन सपाट आणि कडक, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे.

ज्या टोकाचा बार काढायचा त्या टोकाची दोन्ही चाकं उचला. एकच चाक उचललंत तर एक बाजू लोंबते, दुसरी दाबलेली राहते, बार पिळलेला असतो आणि लिंकचा बोल्ट सुटताना उसळी मारतो किंवा सुटतच नाही. दोन्ही सारखी लोंबत असली की बार निवांत असतो.

नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. एंड लिंकचा नट फिरवताना बहुतेक वेळा मागचा बॉल-स्टडही सोबत फिरतो. स्टडच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, किंवा मागे पातळ पान्यासाठी दोन सपाट बाजू. ती धरून मगच नट फिरवा. बॉल जॉइंटचं रबर फाटू देऊ नका, फाटलं की आत माती जाते आणि महिनाभरात खुळखुळायला लागतं.

जुना बार काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मधला बाक वर आहे की खाली, बुशाची चीर कोणत्या तोंडाला आहे, ब्रॅकेटच्या खाली पाइप कुठून गेलेत. उलटा बसवलेला बार सुरुवातीला अगदी बरोबर बसल्यासारखा वाटतो आणि मग चाक वर गेलं की ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाला (रबरी आवरणाला) घासतो. मागचा बार बाहेर काढताना एक्झॉस्टचे रबर हँगर सोडावे लागू शकतात. तसं करायचं तर एक्झॉस्ट खालून टेकवून ठेवा, लोंबू देऊ नका.

आता बुश. पॉलियुरेथेनला सोबत आलेलं ग्रीसच लावा. ते संपलं तर सिलिकॉनचं, पाण्याने न धुतलं जाणारं घ्या. आतल्या बाजूला भरपूर लावा, बार आणि बुश यांच्यामध्ये कुठेही कोरडी जागा नको. मूळ रबरी बुश परत वापरणार असाल तर त्यांना साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

ब्रॅकेटचे बोल्ट पहिले काही आटे हातानेच घाला. पलीकडचा नट बहुतेक गाड्यांत चॅसीच्या पत्र्याला वेल्ड केलेला असतो, आटे वाकडे गेले तर काम तिप्पट वाढतं. ब्रॅकेट आवळून झाले की लिंक न जोडता बार हाताने वर-खाली फिरवून पाहा. जड पण सुरळीत फिरला पाहिजे. अडकत असेल तर बुश जास्त दाबला जातोय, ब्रॅकेटखाली पातळ वॉशर घाला. बुशातच अडकलेला बार बारीक खड्ड्यांवरही विरोध करत राहतो आणि लोक मग दोष बारच्या जाडीला देतात. ही तपासणी कोणीही चुकवू नये.

बार आडवा सरकू नये म्हणून कॉलर मिळतात. बुशाला अगदी चिकटवून आवळू नका, कागदाच्या काही घड्या जातील एवढी फट ठेवा.

एक सूचना जाड बारवाल्यांना. बारचा सगळा जोर ब्रॅकेटच्या दोन जागांवर येतो. काही गाड्यांत तिथला पत्रा पातळ असतो, जोर वाढला की तडा जातो. तुमच्या मॉडेलसाठी मजबुतीची पट्टी मिळत असेल तर बारसोबतच लावा, आणि दर सर्व्हिसला टॉर्च मारून ती जागा बघा.

लिंकची लांबी हा खरा नाजूक भाग आहे, त्यावर संध्याकाळी लिहितो.

वळणप्रेमी

@ऑइलचे_हात, इतकं तपशीलवार लिहिलंत, मनापासून आभार. फोटो काढायचं डोक्यातच नव्हतं.

ऑइलचे_हात

हां, आता लिंक.

गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर असताना बारमध्ये जराही पीळ नको. तो राहिला तर एक कोपरा कायम वर ढकलला जातो, तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरचा भार बिघडतो आणि गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी वागते. लोक अलाइनमेंट करत बसतात, दोष लिंकमध्ये असतो.

चारही चाकांखाली सारख्या उंचीचे मजबूत ठोकळे किंवा रॅम्प ठेवा, म्हणजे चाकांवर भार असतानाही खाली हात जाईल. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मूळ उंचीवर येत नाही, म्हणून ठोकळ्यांवर घेण्याआधी थोडी पुढे-मागे ढकला आणि शेवटी चारही कोपरे दाबा. मग ड्रायव्हरच्या जागी तुमच्या वजनाचं माणूस बसवा. वाळूच्या पिशव्याही चालतात.

एका बाजूचा लिंक पूर्ण जोडा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. ढकलावा, ठोकावा लागत असेल तर लिंकची लांबी बदला. एका टोकाला डावे आटे, दुसऱ्याला उजवे असतात, मधला दांडा फिरवला की लांबी कमी-जास्त होते. दोन्ही टोकांचे आटे सारखेच आत गेलेले ठेवा, एका टोकाला दोन-चार आट्यांवर लिंक लटकू नये. लांबी ठरली की ती पक्की करणारे चेक नट आवळताना दोन्ही बॉल जॉइंट आपापल्या मधल्या स्थितीत धरा. एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला वळलेला राहिला तर चाक वर-खाली होताना जॉइंट अडतो आणि तुटतो.

लिंक आणि बारचा आर्म यांच्यात साधारण काटकोन असावा. नायलॉनवाले नट नवे घ्या. टॉर्क गाडीच्या पुस्तकातला किंवा बारसोबत दिलेला, अंदाजाने नाही.

शेवटी चाक पूर्ण लोंबलेलं आणि पूर्ण दाबलेलं, दोन्ही स्थितींत, पुढच्या टोकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, ब्रेकची नळी, टाय रॉड, ड्राइव्ह शाफ्टचा बूट यांना बार किंवा लिंक कुठे लागत नाही ना ते बघा. थोडं चालवून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.

शांत_क्लच

यात एक भर घालते. गाडीची उंची बदलली, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) खाली घेतले, की लिंकची लांबी पुन्हा जमवायची. आणि चारही कोपरे काट्यावर तोलून घेणार असाल तर आधी बारचे लिंक सोडा, स्प्रिंगांवर वजनं जुळवा, मग लिंक वर सांगितल्याप्रमाणे पीळ न ठेवता जोडा. बार जोडलेले ठेवून तोललेल्या आकड्यांवर विसंबू नका.

वळणप्रेमी

काम झालं. तुमच्या सल्ल्याप्रमाणे फक्त मागचा बार बसवला, सर्वात मऊ भोकात. पुढचा मूळचाच ठेवला.

ड्रायव्हरच्या वजनाने माझ्या गाडीत दोन्ही लिंकच्या लांबीत चांगला फरक पडला. सीट रिकामी असताना बोल्ट सहज जात होता, भाऊ सीटवर बसला तेव्हा जाईना. हे वाचलं नसतं तर तसाच ठोकून बसवला असता.

ट्रॅकवर लांब वळणात नाक आता खूप उशिरा जातं, आणि जाताना आधी कळतं. ॲक्सिलरेटर किंचित कमी केला की गाडी स्वतःहून आत वळते. पूर्वी हे होतच नव्हतं. मग मधल्या भोकात टाकून पाहिलं. लांब वळणात तिथेही छान, पण घट्ट वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक फिरायला लागतं, लिमिटेड स्लिप असूनही. लागोपाठच्या वळणांत मात्र मधलं भोकच आवडलं. आता मऊ आणि मधलं यांच्या मध्ये काही हवंय!

आकडेमोड

आतलं चाक फिरणं अपेक्षितच आहे. मागचा बार कडक झाला की आतलं मागचं चाक जास्त हलकं होतं आणि इंजिनची ताकद तिथून निसटते. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मागचा बार किती कडक करायचा याची खरी मर्यादा बहुधा हीच असते. साधं डिफरन्शिअल असतं तर तुम्हाला हे मऊ भोकातच दिसलं असतं. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांत याच कारणाने लोक मागे खूप जाड बार लावू शकतात. तिथे आतलं मागचं चाक हवेत गेलं तरी ताकदीचं काही बिघडत नाही.

मधलं हवं असेल तर एका बाजूला मऊ भोक आणि दुसऱ्या बाजूला मधलं वापरता येतं. भोकापर्यंतचा आर्म जितका लांब, तितका बार मऊ, आणि हे लांबीच्या वर्गावर जातं. आर्म २०० मिमीचा १८० केला तर साधारण २३ टक्के कडक. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या की कडकपणा दोहोंच्या दरम्यान येतो.

शांत_क्लच

पण मग गाडी डावीकडे आणि उजवीकडे वेगळी वागणार नाही का?

आकडेमोड

मधली सळई एकच आहे आणि पीळ तिच्यात सारखाच येतो, मग गाडी कोणत्याही अंगाला कलू द्या. दोन टोकांच्या जोरात लहानसा फरक राहतो, पण एका भोकाच्या फरकाने तो जाणवू नये. जाणवतो तो लिंकमध्ये राहिलेला पीळ. भोक बदललं की कोन बदलतो, म्हणून त्या बाजूच्या लिंकची लांबी पुन्हा जमवा. बहुतेकांची तक्रार इथेच उगम पावते.

तिसरा_गिअर

एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला मधलं, असं अर्धं भोक करून बघच. आणि एका वेळी एकच बदल कर. हवा, भोक, शॉकचे क्लिक सगळं एका दुपारी फिरवलं की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

रोजच्या रस्त्यावर कसं वाटतंय?

वळणप्रेमी

सरळ, सपाट रस्त्यावर काहीच फरक नाही. दोन्ही चाकं एकदम जाणाऱ्या उंचवट्यावरही नाही. फक्त एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की गाडी जरा जास्त डुलते, डोकं बाजूला हलतं. मऊ भोकात ते सहन होण्यासारखं आहे. मधल्या भोकात, खराब रस्त्यावर, बायकोने लगेच ओळखलं की गाडीत काहीतरी बदललंय.

एक बारीक टकटक मात्र येतेय, मागून डावीकडून, हळू वेगात उंचसखल जागी. बोल्ट पुन्हा तपासले, सगळे टॉर्कवर आहेत.

ऑइलचे_हात

पॉलियुरेथेन बुश कोरडा असता तर किरकिर झाली असती, टकटक नाही. टकटक बहुतेक वेळा लिंकची असते. चेक नट आवळलेला आहे का ते बघा, तो बोल्टांच्या यादीतून सुटतो. आवळलेला असेल तर गाडी चाकांवर असतानाच लिंक हाताने मुठीत धरून जोरात हलवा. बॉलमध्ये खेळ असेल तर लगेच कळतं. तेही ठीक निघालं तर बार आडवा सरकून कॉलर ब्रॅकेटला आपटतेय का बघा, बारवर रंग घासल्याची चमक दिसेल.

वळणप्रेमी

चेक नटच होता. डावीकडचा, वरचा. आवळला, आवाज बंद!

पुढचा २५ मिमीचा बार अजून खोक्यात आहे. तो लावायची गरज पडेल असं वाटतं का?

आकडेमोड

आत्ता नाही. पुढे कधी जास्त पकडीचे टायर घेतलेत, गाडी जास्त कलायला लागली, किंवा मागचा भाग फार चपळ वाटायला लागला, तर तो बार मऊ भोकात घाला आणि मागचा एक भोक कडक करा. दोन्ही टोकं सोबत वाढवली की कलणं कमी होतं आणि तोल तिथेच राखता येतो. लागोपाठच्या वळणांतली तुमची दुसरी तक्रार त्याने आणखी सुधारेल. त्याआधी शॉक अब्सॉर्बरकडे बघा, कारण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाण्याचा वेग बारइतकाच त्यांच्या हातात असतो.

शांत_क्लच

पावसात ट्रॅकवर जाणार असाल तर मागचा बार पुन्हा सर्वात मऊ भोकात आणा. ओल्या रस्त्यावर पकड कमी, म्हणून गाडी तशीही कमी कलते, आणि मागचं आतलं चाक लवकर सुटतं. मी दोन्ही भोकांसाठी लिंकची लांबी मोजून दांड्यावर रंगाच्या खुणा करून ठेवल्या आहेत, भोक बदलताना त्या खुणेवर आणून चेक नट आवळते.

वळणप्रेमी

रंगाच्या खुणा उद्याच करतो. अर्धं भोक करून आलो की इथे लिहीन, हवेचे आकडे आणि टायरची झीज दोन्हीसकट.